एच १००० मिळत नाही, मग दुसरी कुठली पावडर चालेल?

इंदूरच्या मराठी घरांतली मुलं आता टेक्सास, अल्बर्टा, क्वीन्सलँड, न्यूझीलंड अशी कुठे कुठे पसरली आहेत. त्यातले काही तिथे रीतसर परवाना काढून हरणांच्या शिकारीला जातात आणि रायफलीची काडतुसं घरीच भरतात. या कामाला हँडलोडिंग म्हणतात. वापरलेली पितळी केस (काडतुसाचं कवच) साफ करायची, तिच्या बुडात नवा प्राइमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) बसवायचा, मोजून पावडर ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. तिकडे हा उघड, कायदेशीर छंद आहे.

२०२० पासून या छंदाला एकच प्रश्न सतावतो आहे. मॅग्नम म्हणजे मोठ्या, जोरकस काडतुसांना लागणाऱ्या, सावकाश जळणाऱ्या मंद पावडरी दुकानात टिकत नाहीत. एच १००० ही त्यातलीच एक. वर्षानुवर्षं ती वापरणाऱ्याला दुकानदार सांगतो, ती नाही, रेटुंबो आहे, रिलोडर २२ आहे, घ्या. मग फोनवरून, व्हॉट्सॲपवरून विचारणा सुरू होते: तेवढंच वजन टाकून ही चालेल का?

तेवढंच वजन टाकून कुठलीच चालत नाही. मात्र दुसरी पावडर निवडता येते आणि तिचे चांगले परिणामही मिळतात. त्यासाठी पावडर काय करते हे आधी समजायला हवं. या लेखात कुठल्याही काडतुसाचे भरण्याचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. ते उत्पादकाच्या चालू तक्त्यातूनच घ्यायचे असतात, लेखातून किंवा मित्राच्या वहीतून नाहीत. भारतात घरी काडतूस भरण्याचा विचारही करायचा नाही. त्याचं कारण शेवटी येईलच.

पावडर दुकानातून गेली कुठे?

आजची बिनधुराची पावडर म्हणजे मुळात कापूस. सरकीवर जे अगदी आखूड तंतू चिकटून राहतात त्यांना लिंटर म्हणतात. निमाडातल्या कापूसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. या लिंटरवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. फ्रान्समध्ये पॉल व्हिएयनं १८८४ साली त्यातून रायफलीला चालणारी पहिली बिनधुराची पावडर बनवली आणि काळ्या दारूचे दिवस सरले.

तोच नायट्रोसेल्युलोज तोफगोळे पुढे ढकलणाऱ्या पावडरीतही लागतो. २०२० मध्ये महामारीच्या काळात अमेरिकेत काडतुसांची आणि पावडरीची अफाट खरेदी झाली. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि तोफगोळ्यांची मागणी वाढली. जगात पावडर बनवणारे कारखाने मोजकेच आहेत. त्यांनी आधी सैन्याचा माल काढला, शिकाऱ्यांचा डबा मागे पडला. मॅग्नमवाल्यांना हा फटका जास्त बसला, कारण त्यांच्या एका काडतुसातच चार-पाच ग्रॅम पावडर जाते.

काडतुसात काय घडतं

घोडा दाबला की फायरिंग पिन प्राइमरवर आदळते, प्राइमरची ज्वाळा केसमध्ये शिरते आणि पावडर पेटते. पेटते म्हणजे जळते, तिचा स्फोट होत नाही. जळताना वायू तयार होतो, वायूचा दाब वाढतो आणि गोळी नळीतून पुढे सरकते. हे सगळं साधारण एक-दीड मिलिसेकंदात आटपतं. दाबाचं शिखर तर गोळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकलेली असतानाच येऊन जातं.

.३०० विन्चेस्टर मॅग्नमसाठी अमेरिकेतल्या सामी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं कमाल सरासरी दाब ६४,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) ठरवला आहे. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमला ६१,०००, .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमला ६२,०००. तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर हा दाब एक पितळी केस आणि तिच्यामागे नळीचं तोंड बंद करणारा पोलादी बोल्ट अडवून धरतात. पावडर बदलणं म्हणजे या दाबाचा चढ-उतार बदलणं.

मंद आणि जलद म्हणजे नेमकं काय

आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब ज्यांनी पेटवला आहे त्यांना हे चटकन कळेल. बंबात एक किलो ढलप्या टाका आणि एक किलोचा ओंडका टाका. लाकूड तेच, वजन तेच, एकूण उष्णताही जवळपास तीच. पण ढलप्या भसकन पेटून विझतात आणि ओंडका तासभर धगधगत राहतो. कारण आग पृष्ठभागावर लागते, आणि ढलप्यांचा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो.

पावडरीतही तसंच. एच १००० चे थोडे दाणे पांढऱ्या कागदावर ओता. पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे वाटावेत अशा करड्या-काळ्या कांड्या दिसतात. भिंगातून पाहिलं तर कांडीच्या मधोमध आरपार भोक दिसेल. हे भोक फार विचारपूर्वक ठेवलेलं असतं. कांडी बाहेरून जळत बारीक होते तसं भोक आतून जळत मोठं होतं, त्यामुळे जळणारा एकूण पृष्ठभाग शेवटपर्यंत फारसा घटत नाही आणि वायू सारख्या प्रमाणात निघत राहतो. अशा कांडीच्या पावडरीला एक्सट्रूडेड म्हणतात. दुसरा प्रकार बॉल पावडरचा, गोल किंवा किंचित चपट्या मण्यांचा. मणी जळता जळता लहान होतो आणि त्याचा पृष्ठभागही घटतो. म्हणून त्याचा वेग मुख्यतः वरच्या रासायनिक लेपावर अवलंबून ठेवलेला असतो. हा लेप सुरुवातीची आग दाबून धरतो.

दाण्याचा आकार, जाडी, भोक, लेप आणि आतलं रसायन या सगळ्यांतून पावडरीचा ‘बर्न रेट’ म्हणजे जळण्याचा वेग ठरतो. पिस्तुलाच्या पावडरी सगळ्यात जलद, मोठ्या मॅग्नमच्या सगळ्यात मंद.

मॅग्नमला मंद पावडर का लागते, आणि कधी लागत नाही

.३०० विन्चेस्टर मॅग्नममध्ये मोठी केस आणि तिच्या मानानं अरुंद नळी असते. भरपूर पावडर आणि वायूला बाहेर पडायला बारीक वाट. जलद पावडर टाकली तर गोळी हलायच्या आत दाब मर्यादेबाहेर जाईल. मंद पावडर गोळी पुढे सरकत असतानाही वायू देत राहते, त्यामुळे शिखर आटोक्यात राहतं आणि ढकलणं मात्र लांबवर चालू राहतं.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. ‘मॅग्नम’ नाव दिसलं की सगळ्यात मंद पावडर घ्यायची, असं ते धरून चालतात. .३०० विन्चेस्टर मॅग्नम (१९६३) आणि .३७५ हॉलंड अँड हॉलंड (१९१२) या दोघांच्या केसमध्ये जवळपास सारखीच, काठोकाठ ९० ते ९५ ग्रेन पाण्याइतकी जागा असते. (ग्रेन हे वजनाचं एकक आहे. १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. पावडरीच्या दाण्याशी त्याचा संबंध नाही.) पण .३७५च्या नळीचं तोंड क्षेत्रफळानं जवळपास दीडपट मोठं. वायूला तितकी मोकळी वाट. म्हणून .३००ला जड गोळीसाठी एच ४८३१, रिलोडर २२, एच १००० अशा मंद पावडरी लागतात, आणि .३७५ला एच ४३५०, रिलोडर १५ अशा त्याहून जलद पावडरी उत्तम चालतात. .४५८ विन्चेस्टर मॅग्नमला तर एच ३३५सारखी, बारीक कॅलिबरच्या रायफलींतही वापरली जाणारी पावडर लागते. .४५८ मध्ये एच १००० केसभर ओतली तरी ती नीट जळायला लागणारा दाबच उभा राहणार नाही.

म्हणजे पर्याय शोधताना ‘मॅग्नमची पावडर’ असं काही नसतं. काडतूस, गोळीचं वजन आणि पावडर अशी तिघांची जोडणी असते, आणि तिघांतलं एक बदललं की जोडणी नवी धरायची.

तक्त्यावर शेजारी आहेत, मग अदलाबदल का नाही?

बर्न रेटचे तक्ते सगळीकडे मिळतात. सगळ्यात जलद वर, सगळ्यात मंद खाली, शे-दीडशे नावं. त्यात एच १००० आणि रेटुंबो जवळ जवळ दिसतात. म्हणून लोकांना वाटतं, एकाऐवजी दुसरी टाकली तर काय बिघडलं?

पहिली गोष्ट, हा तक्ता फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. ८०व्या आणि ८१व्या नावात अर्ध्या टक्क्याचा फरक असेल किंवा सहा टक्क्यांचाही. दुसरी, हा क्रम बहुधा बंद भांड्यात ठरावीक परिस्थितीत पावडर जाळून काढतात. तुमच्या केसमध्ये, तुमच्या गोळीमागे, तुमच्या दाबावर हाच क्रम टिकेल याची खात्री नसते. वेगवेगळ्या कंपन्यांचे तक्ते समोरासमोर ठेवले तर काही नावं खालीवर झालेली दिसतात, ती यामुळेच.

तिसरी गोष्ट रसायनाची. फक्त नायट्रोसेल्युलोज असलेली पावडर सिंगल-बेस. त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलं की डबल-बेस. डबल-बेसच्या प्रत्येक ग्रेनमध्ये ऊर्जा जास्त. रिलोडर २२ डबल-बेस आहे, एच १००० सिंगल-बेस. दोघी तक्त्यावर एकाच गल्लीत राहतात, पण वजनाला वजन ठेवून अदलाबदल केली तर हिशेब चुकतो.

आकड्यांनी झालेला घोळ सगळ्यात जास्त ४८३१ च्या बाबतीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर २० मिमी तोफेची शिल्लक पावडर ब्रूस हॉजडननं शिकाऱ्यांना विकायला सुरुवात केली. तीच पुढे एच ४८३१ झाली. १९७०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीनं आयएमआर ४८३१ बाजारात आणली. आकडा तोच, पण पावडर एच ४८३१ पेक्षा जलद. आज हे दोन्ही ब्रँड हॉजडन कंपनीच विकते, दोन्ही डब्यांवर ४८३१ छापलेलं असतं, आणि तरी एकीचा तक्ता दुसरीला लावायचा नसतो. एच ४३५० आणि आयएमआर ४३५०, एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचंही तेच. डब्यावरची अक्षरं आकड्याइतकीच महत्त्वाची आहेत. घाईत आकडा वाचला जातो आणि अक्षरं राहून जातात.

नाव वेगळं, पावडर तीच, असं कधी असतं का?

असतं, आणि टंचाईत त्याचा खरा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियात मलवाला इथे एडीआय या पावडर बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आहे. तिथली एआर २२१७ म्हणजे अमेरिकेत विकली जाणारी एच १०००. एआर २२२५ म्हणजे रेटुंबो, एआर २२१३ एससी म्हणजे एच ४८३१ एससी, एआर २२०९ म्हणजे एच ४३५०, एआर २२०८ म्हणजे वार्जेट. मेलबर्नच्या किंवा ऑकलंडच्या दुकानात एच १००० दिसली नाही तर पावडर नाही असं नव्हे, डब्यावर नाव दुसरं असतं. ही यादी एडीआय स्वतःच प्रसिद्ध करते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

एच ४८३१ आणि एच ४८३१ एससी यांतही पावडर एकच, एससीच्या कांड्या फक्त आखूड कापलेल्या. मोजणीयंत्रातून त्या सुरळीत उतरतात. दोन्हींना उत्पादक एकच तक्ता देतो. एच ४१४ आणि विन्चेस्टर ७६० ही बॉल पावडरची जोडीही अशीच.

असा एकपणा उत्पादकानं स्वतः लिहून दिला असेल तरच मानायचा. ‘दाणे सारखे दिसतात’, ‘एकाच कारखान्यातून येतात’, ‘शूटिंग रेंजवर सगळे म्हणतात’ यातलं काहीही चालत नाही. ग्रॅफाइटच्या लेपामुळे बहुतेक सगळ्याच पावडरी करड्या-काळ्या दिसतात. आणि तीच पावडर, तेच नाव असलं तरी लॉट (एका खेपेत बनलेला माल) बदलला की काही टक्के फरक पडू शकतो. कमाल मर्यादेजवळ भरणाऱ्यानं नव्या लॉटचा डबा उघडला की थोडं खाली येऊन पुन्हा वर चढावं.

पर्याय निवडायचा कसा

आधी जुनी जोडणी कागदावर पूर्ण लिहायची: काडतूस, गोळीची कंपनी, वजन आणि बांधणी, केस कुणाची, प्राइमर कुठला, काडतुसाची एकूण लांबी, नळीची लांबी. ‘१८० ग्रेनची गोळी’ एवढं पुरत नाही. शिसं भरलेली गोळी आणि बार्न्स टीएसएक्ससारखी पूर्ण तांब्याची गोळी एकाच वजनाच्या असल्या तरी तांबं हलकं असल्यामुळे ती लांब असते, केसमधली जास्त जागा खाते आणि नळीत वेगळी घासते. तिचा तक्ता वेगळा असतो.

मग दुकानात जे मिळतंय त्याची यादी करायची आणि प्रत्येक नावासाठी विचारायचं: याच काडतुसाला, याच प्रकारच्या गोळीला, याच पावडरीचा प्रसिद्ध तक्ता आहे का? हॉजडनच्या संकेतस्थळावर हॉजडन, आयएमआर, विन्चेस्टर, ॲक्युरेट आणि रॅमशॉट या पावडरींचे तक्ते मिळतात. विहटावुओरी आणि अलायंट स्वतःचे देतात. हॉर्नडी, सिएरा, नॉसलर, स्पीअर या गोळी बनवणाऱ्यांचीही पुस्तकं आहेत. दोन स्वतंत्र ठिकाणचे तक्ते जुळवून पाहावेत आणि कमाल आकड्यांत फरक दिसला तर खालचा धरावा. तक्ता कुठेच नसेल तर ती पावडर यादीतून काढायची, मग ती कितीही स्वस्त मिळत असो. माझ्या मते निम्मे अपघात या एका नियमानंच टळतात.

उरलेल्या नावांत केस चांगली भरणारी पावडर निवडावी. केस ९० टक्क्यांच्या वर भरत असेल तर दाणे इकडेतिकडे लोळत नाहीत, पेटणं सारखं होतं आणि वेगात चढउतार कमी राहतात. काही तक्त्यांत आकड्यापुढे ‘सी’ असतो. त्याचा अर्थ गोळी बसवताना पावडर दाबली जाते. हलकी दाबली तर अडचण नाही, पण फार दाबली तर गोळी हळूहळू बाहेर सरकते आणि काडतुसाची लांबी बदलते. .४५८ विन्चेस्टर मॅग्नमच्या सुरुवातीच्या काळात घट्ट दाबलेल्या पावडरीच्या गुठळ्या होऊन काडतुसं दगा देत असल्याच्या तक्रारी आफ्रिकेतून आल्या होत्या. समोर म्हैस उभी असताना काडतूस फुसकं निघणं म्हणजे जिवाशी गाठ.

आता प्रत्यक्ष भरणं. तक्त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यापासूनच आरंभ करायचा. फक्त कमाल आकडा दिला असेल तर साधारण १० टक्के खाली यायचं, पण पावडरीच्या उत्पादकानं याविरुद्ध सूचना दिली नसेल तरच. तिथून मोठ्या केसमध्ये अर्ध्या अर्ध्या ग्रेननं वर, कमालीजवळ त्याहून लहान पायऱ्यांनी. वजन एका टक्क्यानं वाढलं की दाब साधारण दोन टक्क्यांहून जास्त वाढतो, आणि वरच्या टोकाला हा वाढीचा वेग आणखी चढतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या छोट्या ठेवायच्या.

काट्याची तपासणी रोज, प्रमाणित वजन ठेवून. आकारमानानं पावडर सोडणारं मोजणीयंत्र पावडर बदलली की नव्यानंच लावायचं. बॉल पावडर कांडीच्या पावडरीपेक्षा सहसा जड बसते, त्यामुळे त्याच खुणेवर जास्त वजन उतरतं. टेबलावर एका वेळी एकच डबा. यंत्राच्या नरसाळ्यात आधीची पावडर शिल्लक असेल तर ती आधी तिच्या डब्यात परत. नरसाळ्यात कुठली पावडर आहे याची शंका आली तर ती टाकून द्यायची. दोन पावडरींची मिसळ झाली तर तिचा तक्ता जगात कुणाकडेच नसतो. सगळ्या केस भरून झाल्या की विजेरी घेऊन वरून पाहायचं, पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.

प्राइमरही टंचाईत बदलावा लागतो. मोठ्या मॅग्नम केसमध्ये, विशेषतः बॉल पावडर असेल तर, फेडरल २१५ किंवा सीसीआय २५० सारखा मॅग्नम प्राइमर लागतो, कारण लेप चढवलेल्या भरपूर पावडरीला जोरकस ज्वाळा हवी. प्राइमर आणि पावडर एकदम बदलू नयेत. बदलावेच लागले तर जुनी सगळी मोजमापं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या पायरीवर.

कमी भरली तर सुरक्षितच ना?

हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. मंद पावडर सुरुवातीच्या आकड्याच्या खूप खाली भरली तर केसमध्ये मोकळी जागा राहते. पावडर आडवी पडून राहते आणि प्राइमरची ज्वाळा तिच्यावरून निघून जाते. कधी ती क्षणभर उशिरा पेटते, कधी अर्धवट जळते आणि गोळी नळीतच अडकते. त्यामागून दुसरं काडतूस उडवलं तर नळी फाटते. मंद पावडरीच्या कमी भरण्यात अनपेक्षित प्रचंड दाब उसळून रायफली फुटल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. त्याचं नेमकं कारण काय यावर जाणकारांत अजून वाद आहे, पण उत्पादकांची सूचना स्पष्ट आहे: किमान आकड्याच्या खाली जाऊ नका.

धक्का कमी हवा असेल तर त्यासाठी ठरवून दिलेली पावडर आहे. हॉजडन कंपनी एच ४८९५साठी कमाल आकड्याच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येण्याची मुभा देते, आणि तीही ज्या काडतुसांना एच ४८९५ चा तक्ता आहे त्यांनाच. हा नियम एच १०००ला, रेटुंबोला किंवा दुसऱ्या कुठल्याही मंद पावडरीला लावायचा नाही.

पितळेवर खुणा नाहीत आणि वेगही छान आहे, मग?

जास्त दाबाच्या खुणा सगळ्यांना पाठ असतात: बोल्ट जड उघडतो, केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) चकचकीत ठसा उमटतो, प्राइमर चपटा होतो किंवा पिनेभोवती त्याचा काठ उंचावतो, प्राइमरची खोबण सैल पडते. यातली एकही दिसली की तिथेच थांबायचं. पण एकही दिसत नाही याचा अर्थ दाब ठीक आहे असा नाही. चांगलं पितळ मर्यादा ओलांडल्यावरही बराच वेळ गप्प राहतं. प्राइमरचा चपटेपणा तर प्राइमरच्या कंपनीप्रमाणेही बदलतो.

त्यापेक्षा खरं सांगतो तो क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. तक्त्यातल्या कमाल वेगाला तुम्ही त्याच लांबीच्या नळीतून कमी पावडर टाकूनच पोचला असाल, तर तुमची रायफल तक्त्यापेक्षा लवकर दाब उभा करते आहे. तिथेच तुमची कमाल मर्यादा आली. वेग हा दाबातूनच येतो.

पट्टेवाल्या, म्हणजे बुडाशी उंच कडं असलेल्या मॅग्नम केसच्या बाबतीत एक वेगळी चूकही पावडरीच्या माथी मारली जाते. बुडाच्या पट्ट्यावर भरवसा ठेवून साइझिंग डाय (वापरलेली केस पुन्हा मापात आणणारा साचा) तळापर्यंत घट्ट बसवला की केसचा खांदा (मानेखालचा उतार) प्रत्येक वेळी फार मागे जातो, पितळ ताणलं जातं आणि तीन-चार भरण्यांत पट्ट्याच्या जरा वर चकचकीत रेघ दिसू लागते. तिथून केस तुटते. खांदा ०.००२ इंचाइतकाच मागे जाईल असा डाय लावला तर हे टळतं.

संगणकावरच्या गणिती कार्यक्रमांबद्दल थोडक्यात: कुठली पावडर केस भरेल, कुठली फार जलद पडेल, हे चाळायला ते कामाचे आहेत. पहिलं काडतूस भरण्याचा आकडा त्यांच्याकडून घेऊ नये.

थंडीत जुळवलेलं काडतूस उन्हात

पावडर जितकी गरम तितकी जलद जळते. जुन्या प्रकारच्या काही पावडरींत तापमानाच्या दर फॅरनहाइट अंशाला गोळीचा वेग ढोबळमानानं सेकंदाला एक-दीड फूट बदलतो. कॅलगरीच्या गोठलेल्या सकाळी कमाल मर्यादेवर जुळवलेलं काडतूस टेक्सासच्या दुपारी ८० अंश जास्त तापलं तर सेकंदाला ८० ते १२० फुटांचा फरक पडू शकतो, आणि दाब त्याच्यासोबत वर जातो. हॉजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या पावडरी (वार्जेट, एच ४३५०, एच ४८३१, एच १०००, रेटुंबो) तापमानाला कमी बधतात. त्यांच्या जागी दुसरी घेताना हा गुण हातून सुटतो का ते पाहावं. सुटत असेल तर जुळवणी सगळ्यात उष्ण दिवसात करावी आणि काडतुसं गाडीच्या काचेखाली तापत ठेवू नयेत.

हिंदुस्थानासाठी हा प्रश्न नवा नाही. संस्थानी काळातल्या ब्रिटिश शिकारी रायफलींची काडतुसं कॉर्डाइटची (नायट्रोग्लिसरीन घातलेल्या जुन्या ब्रिटिश पावडरीची) असत, आणि कॉर्डाइट उष्णतेत भलतीच चढते. म्हणून उष्ण प्रदेशांत पाठवायची काडतुसं तिकडचे उत्पादक मुद्दाम कमी भरत. त्या रायफली कमी दाब धरूनच बांधलेल्या असायच्या. आजोबांची अशी रायफल घरात परवान्यावर असेल तर तिच्यात आजच्या दाबाची काडतुसं घालायची नाहीत.

आणि इंदुरात?

इंदूरला नेमबाजीची ओळख जुनी आहे. बीएसएफचं सेंट्रल स्कूल ऑफ वेपन्स अँड टॅक्टिक्स इथेच आहे, महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे आणि तिथल्या विजय कुमारनं २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक आणलं. त्यामुळे उत्सुकता स्वाभाविक आहे. पण १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रंही दारूगोळ्यातच मोडतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची किमान शिक्षा सात वर्षांची झाली आहे. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसं भरण्याचा परवाना नव्हे. वन्य प्राण्यांची शिकार १९७२च्या कायद्यानं बंद आहे. परदेशातून येणाऱ्या मुलानं पावडर, प्राइमर किंवा भरलेली काडतुसं भेट म्हणून सामानात टाकायची नाहीत. पावडर आणि प्राइमर विमानाच्या कुठल्याच सामानात चालत नाहीत.

जुन्या वाड्यांच्या माळ्यावर मात्र कधी कधी पावडरीचा गंजका डबा किंवा हिरवट पडलेल्या काडतुसांची पेटी सापडते. पावडर शिळी झाली की तिला आंबूस, आम्लासारखा वास येतो, तांबूस धूळ किंवा वाफ दिसते आणि डबा आतून गंजतो. अशी पावडर आपोआपही पेटू शकते. डबा उघडून पाहू नका, हलवू नका, उन्हात ठेवू नका आणि भंगारवाल्याला देऊ नका. माळ्यावर देव्हाऱ्याच्या दिव्याची किंवा विजेच्या उघड्या जोडणीची झळ पोचत असेल तर ती आधी बंद करा, घरातल्यांना बाजूला काढा आणि आपल्या पोलीस ठाण्याला फोन करा. डबा न हलवता तो कुठे आहे, किती मोठा आहे आणि त्यावर काही लिहिलेलं वाचता येतं का, एवढं सांगितलं की पुढचं काम ते करतील.